स्वयंपूर्ण घराचे दोन हिशेब

पैशाची चणचण भासूं लागली, म्हणजे घरांत दोन गोष्टी वाढतात : एक हिशेब आणि दुसरा उपदेश. दुधाचा, किराण्याचा, शाळेच्या फीचा आंकडा रोज रात्रीं पुन्हा मांडला जातो, आणि त्याच वेळीं कोणी तरी म्हणतें, "हें सारें विकत कशाला आणावयाचें? घरींच करूं." या बोलण्यांत एक जुनी प्रतिष्ठा आहे. आपल्या हातानें केलेली वस्तु ही नुसती स्वस्त वस्तु नसते. आपण कोणाचे मिंधे नाहीं, याची ती खूण असते. म्हणूनच घरगुती स्वयंपूर्णतेवर लिहिलेलीं पुस्तकें ओढगस्तीच्या दिवसांत आवडीनें वाचलीं जातात. वाचतांना मनाला उभारी येते. पुस्तक मिटल्यावर मात्र एक प्रश्न शिल्लक राहतो. पुस्तकांतले आंकडे खरे असतील, तर आमच्या घरांत ते जुळत कां नाहींत?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्हीं दोन जुने इंग्रजी ग्रंथ घेतले आहेत. पहिला विल्यम कॉबेट याचा 'कॉटेज इकॉनमी'. हा १८२१-२२ सालीं प्रथम सुट्या भागांनीं प्रसिद्ध झाला. दुसरा हेन्री डेव्हिड थोरो याचा 'वॉल्डन', १८५४ सालचा. थोरोचें नांव महाराष्ट्रास नवीन नाहीं. सविनय कायदेभंगावरील त्याच्या निबंधाचा गांधीजींनीं आदरानें उल्लेख केला, आणि 'वॉल्डन'चा मराठी अनुवाद दुर्गाबाई भागवत यांनीं केला. कॉबेट मात्र आपल्याकडे फारसा वाचला जात नाहीं. या विषयावर पुढें पुष्कळ लिहिलें गेलें. इंग्लंडांत जॉन सेमूर याचा स्वयंपूर्णतेवरील बृहद्ग्रंथ १९७६ सालीं निघाला. परंतु या साऱ्या लेखनाच्या दोन वाटा या दोन पुस्तकांत स्पष्ट दिसतात, म्हणून मूळ उगमाकडेच गेलेलें बरें.

कॉबेट हा १७६३ सालीं सरे परगण्यांतील फार्नहॅम येथें जन्मला. तो शेतकऱ्याचा मुलगा. शिपाईगिरी केलेला, पुढें वर्तमानपत्रकार झालेला, आणि शिपायांस फटके मारण्याच्या शिक्षेविरुद्ध लिहिल्याबद्दल १८१० ते १८१२ या काळांत न्यूगेटच्या तुरुंगांत राहिलेला. नेपोलियनशीं चाललेलें युद्ध १८१५ सालीं संपलें, आणि त्यानंतर इंग्लंडांतील शेतमजुरांचे हाल झाले. त्यांच्यासाठीं हें पुस्तक आहे. बियर घरीं कशी गाळावी, पाव घरीं कसा भाजावा, पाव एकर जमिनीवर कोबी व सलगम लावून गाय कशी पोसावी, डुक्कर, मधमाशा, कोंबड्या व ससे कसे पाळावेत, हें तो एखाद्या खमक्या शेजाऱ्यासारखें सांगतो. पुढें गवताच्या काड्यांच्या वेण्या घालून टोप्या करण्याची कलाही त्यानें त्यांत घातली; इटलींतून येणाऱ्या टोप्यांचा पैसा देशांतच राहावा, हा त्याचा हेतु.

कॉबेटची भाषा ही या ग्रंथाची खरी संपत्ति आहे. त्याच्या वाक्याला घट्ट्यांचा हात आहे. पीठ मुठींनीं कसें तिंबावें हें तो सांगूं लागला, कीं वाचकाचे हात आपोआप हलूं लागतात. त्याचा राग देखील असाच रोकडा आहे. चहावर त्याचा विशेष दांत. चहा हें अंगांत बळ न घालणारें पेय, त्यासाठीं सारखी चूल पेटवावी लागते, आणि तो करण्यांत व पिण्यांत वेळ फुकट जातो, म्हणून तो वेळही तो खर्चाच्या बाजूला मांडतो. सकाळ-संध्याकाळ चहा घेणाऱ्या आमच्या वाचकांस हें पटणार नाहीं. तथापि येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे : घरांतील कामाला वेळ लागतो, आणि त्या वेळेला किंमत असते, हें कॉबेटला पक्कें ठाऊक आहे. तिचा उपयोग पुढें होईल.

थोरो हा अगदीं निराळ्या घडणीचा. हार्वर्डमधून १८३७ सालीं तो पदवीधर झाला. घरचा धंदा शिसपेन्सिलींचा. ४ जुलै १८४५ रोजीं तो मॅसॅच्युसेट्समधील कॉंकॉर्ड गांवाजवळील वॉल्डन तळ्याच्या काठीं, स्वतः बांधलेल्या झोंपडींत राहावयास गेला, आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजीं परत आला. झोंपडीची लांबी १५ फूट व रुंदी १० फूट. फळ्यांसाठीं त्यानें रेल्वेवरील एका मजुराची खोपटी ४ डॉलर २५ सेंट देऊन विकत घेतली व ती मोडून वाहून आणली. दोन जुन्या खिडक्या, एक हजार जुन्या विटा, खिळे, चुना, बिजागऱ्या, एक सेंटाचा खडू, असा सगळा जमाखर्च त्यानें ग्रंथांत छापला आहे. बेरीज २८ डॉलर १२½ सेंट. त्यावर त्याची टिप्पणी अशी, कीं त्याच्या कॉलेजांत याहून थोड्याच मोठ्या खोलीचें नुसतें वर्षाचें भाडें ३० डॉलर पडतें.

या अर्ध्या सेंटाकडे टीकाकारांनीं लक्ष दिलें पाहिजे. तो नुसता काटेकोरपणा नाहीं. थोरो व्यापाऱ्याची वही हातांत घेतो, व्यापाऱ्याचेच शब्द वापरतो, आणि त्याच वहींतून व्यापारी आयुष्याचें दिवाळें दाखवितो. ग्रंथाच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या प्रकरणाचें नांवच 'इकॉनमी' आहे. त्याचा मुख्य सिद्धान्त असा : कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे ती मिळविण्यासाठीं, आज ना उद्यां, आपल्या आयुष्याचा जेवढा भाग द्यावा लागतो तेवढा. हें माप एकदां मान्य केलें, कीं मोठें घर विकत घेणारा मनुष्य श्रीमंत कीं दरिद्री, हें पुन्हा तपासावें लागतें. वर्षांतून सुमारें सहा आठवडे मजुरी केली तर आपला निर्वाह होतो, असें तो अनुभवानें सांगतो. उरलेलें वर्ष त्याचें स्वतःचें. गेल्या दीडशें वर्षांहून अधिक काळ हें पुस्तक जिवंत राहिलें आहे, तें या मापामुळें.

आतां प्रश्न असा, कीं थोरो स्वयंपूर्ण होता काय? लोकांची समजूत तशी आहे. परंतु ती त्याच्याच आंकड्यांपुढें टिकत नाहीं. पहिल्या वर्षीं त्यानें सुमारें अडीच एकर जमिनींत मुख्यत्वें घेवड्याची एक जात लावली. शेतीचा खर्च १४ डॉलर ७२½ सेंट. त्यांतले ७ डॉलर ५० सेंट, म्हणजे निम्म्याहून अधिक, दुसऱ्याच्या नांगरटीला गेले, आणि ते फार झाले असें तोच नोंदवितो. उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, नफा ८ डॉलर ७१½ सेंट. पीक त्यानें बहुतेक विकलें. घेवडा त्यानें स्वतः खाल्ला नाहीं, त्याच्या मोबदल्यांत तांदूळ घेतला. हिंदुस्थानच्या तत्त्वज्ञानावर आपली एवढी भक्ति, तेव्हां भात हेंच आपल्याला योग्य अन्न, अशी त्याची थट्टा आहे. म्हणजे हा मनुष्य नांगर भाड्यानें घेतो, माल बाजारांत विकतो, तांदूळ व काकवी दुकानांतून आणतो, आणि रोजंदारीनें १३ डॉलर ३४ सेंट मिळवितो. इतकें करूनही घर, शेती, अन्न, कपडे व दिवाबत्ती मिळून खर्च ६१ डॉलर ९९¾ सेंट, मिळकत ३६ डॉलर ७८ सेंट; सुमारें सव्वापंचवीस डॉलरांची तूट त्यानें जवळच्या शिलकेंतून भरून काढली.

हा दोष म्हणून आम्ही सांगत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं मराठींत आपण स्वावलंबन, काटकसर व स्वयंपूर्णता हे तीन शब्द एकाच अर्थानें वापरतों, आणि त्यामुळें घोटाळा होतो. गरजा कमी करणें ही काटकसर. आपलें काम आपल्या हातानें करणें हें स्वावलंबन. लागणारी प्रत्येक वस्तु घरांत निर्माण करणें ही स्वयंपूर्णता. थोरो पहिल्या गोष्टीचा आचार्य आहे, दुसरीचा चांगला अभ्यासक आहे, आणि तिसरीच्या वाटेला तो गेलाच नाहीं. तिसरीचा खरा शास्त्रकार कॉबेट. आणि पैशाची तंगी असलेल्या घराला पहिली गोष्ट बहुधा आधींच सक्तीनें साधलेली असते. ज्याच्या घरीं दूध पावशेरच येतें, त्याला दुधाचा मोह सोडावयास सांगणें हें सांगणाऱ्याच्या सोयीचें आहे.

थोरोच्या ग्रंथांतील 'बेकर फार्म' हें प्रकरण आम्हांस या दृष्टीनें सर्वांत अस्वस्थ करणारें वाटतें. पावसांत सांपडून तो जॉन फील्ड नांवाच्या एका आयरिश मजुराच्या खोपटींत आसऱ्याला जातो. हा मजूर दुसऱ्या शेतकऱ्याची दलदलीची जमीन एकरीं १० डॉलर दरानें खणून देतो. घरांत बायको आणि मुलें. थोरो त्याला समजावून सांगतो, कीं चहा, कॉफी, लोणी, दूध व ताजें मांस सोडलें तर त्यांसाठीं एवढे कष्ट करावे लागणार नाहींत. हिशेब बिनचूक आहे. परंतु तो एकट्या, निरोगी, अविवाहित पुरुषाचा आहे. गांवांत वडिलांचें घर दीड मैलावर, जमीन मित्राची म्हणजे एमर्सनची, खिशांत पदवी. यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे भांडवल आहे, पण वहींत ती दिसत नाहीं. फील्डच्या बायकोनें त्या वेळीं काय विचार केला असेल, हें थोरोच्या लेखणीनें शोधिलें नाहीं. प्रसंग त्यानें प्रामाणिकपणें लिहिला, इतका कीं वाचक त्याच्याविरुद्ध फील्डच्या बाजूनें उभा राहूं शकतो. परंतु लेखक स्वतः तेथें उभा राहिला नाहीं.

यापुढें आम्ही मूळ मुद्द्याकडे येतों. जमाखर्च मांडतांना थोरोनें एक अपवाद केला आहे. धुणें व कपड्यांची डागडुजी हीं कामें बहुतेक घराबाहेर झालीं, आणि त्यांचीं बिलें अद्याप आलेलीं नाहींत, असें तो लिहितो. या एका उल्लेखावरून त्याच्यावर पुष्कळांनीं तोंडसुख घेतलें आहे : अरण्यांत राहिलेला हा ऋषि, आणि कपडे आईबहिणींकडे! ही टीका आम्हांस उथळ वाटते. थोरो गांवांत दर एक-दोन दिवसांनीं जात असे, कधीं कधीं बाहेर जेवतही असे, आणि या दोन्ही गोष्टी त्यानें स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. ज्यानें चोरी केली नाहीं त्याला चोर ठरविण्यांत अर्थ नाहीं. अर्थ निराळ्या प्रश्नांत आहे. एक सेंटाचा खडू ज्या वहींत नोंदला गेला, तींत आठ महिन्यांच्या धुण्याला आंकडा कां मिळाला नाहीं?

उत्तर असें, कीं त्याचे पैसे पडले नाहींत. आणि येथेंच थोरोचें माप थोरोवर उलटतें. वस्तूची किंमत पैशांत नसून दिलेल्या आयुष्यांत आहे, हें त्यानेंच शिकविलें. मग धुण्याची किंमतही कोणाच्या तरी आयुष्यांतच भरली गेली असणार. न आलेलें बिल हें न फिटलेलें ऋण असतें. आम्ही थोरोला त्याच्याच न्यायासनापुढें उभें करतों. त्यासाठीं बाहेरून कायदा आणण्याची जरूर नाहीं. ज्या ग्रंथानें आपल्याला असें माप दिलें, कीं ज्यानें खुद्द ग्रंथकाराची उणीव मोजतां येते, तो ग्रंथ मोठाच म्हटला पाहिजे.

कॉबेटकडे ही उणीव निराळ्या रूपानें येते. तो कुटुंबवत्सल होता. त्याच्या पुस्तकांतलें घर हें बायकामुलांचें घर आहे. पावाच्या भट्टीपुढें घाम आलेल्या गृहिणीचें त्यानें मोठें रसरशीत वर्णन केलें आहे. परंतु ज्या स्त्रीला पाव भाजतां येत नाहीं, तिच्याविषयीं तो अतिशय कठोर होतो. भाजणें हें तिचें कर्तव्य. आणि कर्तव्य म्हटलें, कीं तासांचा प्रश्न मिटला. चहाला लागणारा वेळ ज्यानें खर्चांत धरला, त्यानें तोच न्याय कणीक तिंबण्याला लावून पाहावयास हवा होता. आवडत्या कामाला वेळ लागत नाहीं आणि नावडत्या कामालाच लागतो, असें घड्याळ कोणाच्याच घरांत नसतें.

जमिनीच्या बाबतींत मात्र कॉबेट थोरोपेक्षां अधिक जागा आहे. त्याच्या योजनेला पाव एकर तरी जमीन लागते. गांवची सामाईक कुरणें कुंपणें घालून खाजगी मालकींत घेण्याचे कायदे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडांत शेंकड्यांनीं झाले होते, आणि मजुराची गाय त्यांबरोबर गेली होती. कॉबेट यावर आयुष्यभर संतापून लिहीत राहिला, आणि १८३२ सालीं ओल्डहॅमतर्फे पार्लमेंटांत निवडून गेला. घर स्वयंपूर्ण होण्याला घराबाहेरचें राज्य कसें आहे यावर बरेंच अवलंबून असतें, हें त्याला समजलें होतें. ज्याच्या पायांखालची जमीन गेली, त्याला बागकाम शिकविण्यापूर्वीं ती कां गेली हें विचारावें लागतें. आज शहरांतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबानें गॅलरींत चार कुंड्यांत कोथिंबीर-मिरची लावावी. ती हिरवळ सुखाची आहे. परंतु त्या कुंड्यांनीं भाजीचा खर्च सुटेल असें जो सांगतो, त्यानें कॉबेटचें पाव एकर विसरूं नये.

आतां हे दोन हिशेब आपल्या घरांत आणून पाहूं. कुरडयांचें उदाहरण घ्या. गहूं तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, मग वाटून चीक काढावयाचा, तो रात्रभर निवूं द्यावयाचा, पहांटे उठून वरचें पाणी टाकून तो शिजवावयाचा, गरम असतांनाच सोऱ्यांतून घालावयाचा, आणि वाळेपर्यंत कावळ्यांवर व आभाळावर नजर ठेवावयाची. वहींत यांतली एकच ओळ येते : गहूं, इतके किलो. दुकानांतल्या पुडक्याची किंमत शेजारीं लिहिली, कीं बचत सिद्ध होते. पुरुषमंडळी समाधानानें मान डोलावतात. ज्या हातांना चटके बसले, त्यांचें बिल अद्याप आलेलें नसतें.

यावर कोणी म्हणेल, कीं घरच्या कामाला असे तास लावूं लागलात, तर घराचा कारखाना होईल; माया, हौस, चव यांना कोणता दर लावणार? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्याचें उत्तर थोरोच्याच शेतांत आहे. घेवड्याच्या ओळी खुरपतांना त्याला जो आनंद झाला, तो त्यानें खर्चांत धरला नाहीं. तो त्याचा नफा होता. कारण तें काम त्यानें स्वतः निवडलें होतें, आणि मनांत येतांच सोडूनही दिलें. चैत्र-वैशाखांत शेजारणी एकत्र बसून पापड लाटतात, तेव्हां तेथें जो हंशा चालतो तोही याच जातीचा नफा आहे. तेंच काम सांगितलेलें असलें, नाहीं म्हणण्याची सोय नसली, कचेरींतून दमून आल्यावर करावयाचें असलें, तर तोच तास खर्चाच्या बाजूला जातो. काम तेंच, पीठ तेंच. ओळ कोणत्या बाजूला लिहावयाची हें निवडण्याचा अधिकार कोणाला होता यावर ठरतें. या दोन्ही ग्रंथांत हा अधिकार लेखकाच्या हातीं आहे, आणि म्हणून त्यांच्या वह्या इतक्या सुखानें जुळतात.

तेव्हां हीं पुस्तकें टाकून द्यावीं काय? मुळींच नाहीं. कॉबेट वाचावा, कारण हातांच्या कामाची लाज त्याच्यासारखी कोणी घालवीत नाहीं. पावाला, गाईला, डुकराला साहित्यांत त्यानें जी जागा दिली ती थोड्यांनींच दिली आहे. थोरो वाचावा, कारण पैशाच्या मापानें आयुष्य मोजण्याची आपली संवय तो मोडतो. वाङ्मय म्हणून निवड करावयाची झाली, तर आम्ही 'वॉल्डन'च वर ठेवूं : कॉबेटच्या पुस्तकांतून आपण कृति घेऊन बाहेर पडतों, थोरोच्या पुस्तकांतून प्रश्न घेऊन, आणि कृति जुनी होते तसा प्रश्न होत नाहीं. परंतु दोघांनाही वाचतांना वहींत आणखी एक रकाना आंखून घ्यावा : हे तास कोणाचे?

आमच्या भाषेंत "घरींच करूं" या वाक्याला कर्ता उघड लागत नाहीं. 'करूं' या क्रियापदांत सारें घर सामावतें, आणि बोलणारा बहुधा त्यांतून हळूच निसटतो. हें लिहीत असतां आम्हांस आमच्याच घरांतले असे कित्येक 'करूं' आठवले, आणि ते कोणीं केले हेंही आठवलें. ओढगस्तीच्या दिवसांत हें वाक्य बोलावेंच लागेल, आणि तें बोलण्यांत कमीपणाही नाहीं. मात्र बोलणाऱ्यानें तें बोलून झाल्यावर पहांटे चीक हाटावयास स्वतः उठावें. मग बेरीज कदाचित् पूर्वींइतकी मोठी येणार नाहीं. पण ती खरी येईल.